भात बियाणे मागणी फॉर्म : लिंकमधून आधीच भरलेले रकाने (प्रकल्प नोंदी)

३ एप्रिल २०२५

पाडवा झाला की आमच्या सोसायटीत खरिपाच्या बियाण्याची मागणी घेण्याचे काम सुरू होते. कर्नाटकातील खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील आणि बेळगाव तालुक्याला लागून असलेल्या गावांतील सभासद इंद्रायणी, इंटाण, जया अशा जातींची मागणी कागदी फॉर्मवर लिहून देतात, आणि मे महिन्याच्या अखेरीस धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीतील) पेरणीला हात घालण्यापूर्वी पोती गावात पोचायला हवीत, म्हणून एप्रिलमध्येच सगळे आटपावे लागते. या फॉर्मवर बारा रकाने आहेत. सभासद क्रमांक, नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, गाव, सर्वे नंबर, हिस्सा, क्षेत्र, जमीन स्वतःची की दुसऱ्याची भागाने केलेली, आणि मोबाईल हे नऊ रकाने दर वर्षी बहुधा तेच असतात व सोसायटीच्या यादीत ते आधीपासून आहेत. शेतकऱ्याने खरोखर सांगायचे ते तीनच गोष्टींबद्दल असते : कोणती जात, किती पोती आणि कधी नेणार. तरीही बारा रकाने दर वर्षी नव्याने लिहिले जातात, आणि त्यातही नाव एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये, एकदा इंग्रजीत.

यंदा सेक्रेटरींनी हे काम वेबवरील फॉर्मवर घेण्यास संमती दिली आहे. प्रत्येक सभासदाला व्हॉट्सअॅपवर त्याची स्वतंत्र लिंक पाठवायची, ती उघडताच नऊ रकाने भरलेले दिसावेत, आणि त्याने उरलेले तीन भरून फॉर्म पाठवावा, अशी कल्पना आहे. वेबपत्त्यात प्रश्नचिन्हानंतर येणाऱ्या भागाला क्वेरी म्हणतात. त्यात ‘नाव=मूल्य’ अशा जोड्या ‘&’ या चिन्हाने जोडून लिहिता येतात, आणि पान उघडताना त्या वाचून त्या-त्या चौकटीत मूल्य घालता येते. वेबपत्त्यांची मूळ रचना जानेवारी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ३९८६ या इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजात ठरलेली आहे, जोड्यांची पद्धत वेबवरील फॉर्मांतून रूढ झाली. ब्राउझर स्वतःच्या आठवणीतून नाव-पत्ता सुचवतो, ती सोय वेगळी. तिथे माहिती त्या फोनची असते. इथे माहिती लिंक पाठवणाऱ्याची असते, आणि ती कोणाच्या फोनवर उघडेल हे पाठवणाऱ्याच्या हातात राहत नाही. हा फरक आज नुसता लिहून ठेवतो.

७ एप्रिल

पहिला प्रयोग गूगल फॉर्म्सवर केला. तेथे फॉर्म तयार झाल्यावर मेनूमधून ‘आधी भरलेली लिंक’ काढता येते : नमुना उत्तरे भरायची, लिंक घ्यायची, आणि त्या लिंकमध्ये प्रत्येक प्रश्नाचा ‘एन्ट्री’ क्रमांक व त्यापुढे आपले उत्तर दिसते. उत्तराच्या जागी यादीतील मूल्य बसवले की त्या सभासदाची लिंक तयार. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक ओळीसाठी एक सूत्र लिहून सायंकाळपर्यंत सर्व लिंका तयार झाल्या.

रात्री ‘हिस्सा’ हा प्रश्न मी काढून टाकला आणि पुन्हा नव्याने घातला. त्यामुळे त्याचा एन्ट्री क्रमांक बदलला, आणि जुन्या लिंकांमधून तो रकाना रिकामा येऊ लागला. कोणतीही चूक दाखवली गेली नाही, कारण पानाला अनोळखी नावाची जोडी मिळाली की ती सरळ दुर्लक्षिली जाते. लिंका बनवल्यानंतर प्रश्नांना हात लावायचा नाही, हा नियम वहीत पहिल्या पानावर लिहिला.

९ एप्रिल

आजचा पूर्ण दिवस यादी तपासण्यात गेला, आणि तो वाया गेला असे मी म्हणणार नाही. लिंकमधून रकाना आपोआप भरणे म्हणजे यादीतील चूक छापील अक्षरांच्या विश्वासाने शेतकऱ्यासमोर ठेवणे होय, म्हणून यादी आधी नीट व्हायला हवी.

पहिली अडचण सर्वे नंबरची निघाली. ‘१२/३’ असा सर्वे व हिस्सा एकत्र लिहिलेल्या ठिकाणी स्प्रेडशीटने त्याला तारीख समजून ‘१२ मार्च’ केले होते, आणि लिंकमध्येही तेच उतरले होते. पहिला आकडा ३१ च्या पुढचा आणि दुसरा १२ च्या पुढचा असेल तिथे आकडे सुरक्षित राहिले, म्हणून वरवर पाहणाऱ्याला ही चूक दिसली नव्हती. तो स्तंभ ‘मजकूर’ म्हणून ठेवून मूळ वहीवरून पुन्हा भरला, आणि सर्वे व हिस्सा असे दोन स्तंभ वेगळे केले.

दुसरी अडचण क्षेत्राची, आणि ती अधिक गंभीर आहे. आपल्याकडच्या पहाणी उताऱ्यावर (जमिनीच्या सरकारी नोंदीवर) क्षेत्र एकर आणि गुंठे असे टिंबाने वेगळे करून लिहिलेले असते, म्हणजे ‘२.१५’ याचा अर्थ दोन एकर पंधरा गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर धरला तर हे क्षेत्र दशांशात २.३७५ एकर होते. फॉर्मने मात्र ‘२.१५’ हा दशांश अपूर्णांक मानला, म्हणजे दोन एकर सहा गुंठे, आणि नऊ गुंठ्यांचे बियाणे हिशेबातून नाहीसे झाले. त्याहून वाईट गोष्ट ‘२.२०’ची : आकडा म्हणून साठवताना शेवटचे शून्य गळते, ‘२.२’ उरते, आणि वीस गुंठ्यांचे दोन गुंठे वाचले जातात. लहान शेतकऱ्याच्या बाबतीत हा फरक त्याच्या निम्म्या रानाचा असू शकतो. यापुढे लिंकमध्ये, फॉर्ममध्ये आणि यादीतही एकर वेगळा व गुंठे वेगळे राहतील, आणि दोन्ही पूर्णांकच असतील.

१२ एप्रिल

मजकूर लिंकमध्ये घालण्यापूर्वी त्याचे सांकेतिक रूपांतर करावे लागते, कारण काही चिन्हांना वेबपत्त्यात स्वतःचा अर्थ असतो. यादीत एका सभासदाच्या नावापुढे ‘घर #४’ असे लिहिलेले होते. ‘#’ आल्याबरोबर त्यापुढचा सगळा भाग क्वेरीतून बाहेर पडला, आणि गाव व मोबाईल दोन्ही रिकामे आले. दुसऱ्याने दुकानाचे नाव ‘&’ घालून लिहिले होते, तेथे नाव अर्ध्यातच तुटले. मोबाईलच्या मागे ‘+९१’ होते तेथे अधिकचिन्हाची मोकळी जागा झाली, कारण फॉर्मच्या जुन्या पद्धतीत ‘+’ हेच मोकळ्या जागेचे चिन्ह आहे. खरी मोकळी जागा ‘%२०’ अशी आणि खरे अधिकचिन्ह ‘%२बी’ असे लिहावे लागते. यासाठी स्प्रेडशीटमध्ये तयार सूत्र आहे. ते पूर्ण लिंकला न लावता प्रत्येक मूल्याला स्वतंत्रपणे लावायचे असते, नाहीतर आपलेच ‘&’ आणि ‘=’ सुद्धा रूपांतरित होऊन बसतात. मी पहिल्यांदा तेच केले होते.

देवनागरीचे रूपांतर लांबलचक होते. प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचे असते, आणि प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अंकाक्षरे असा लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हामागे नऊ जागा. ‘बेळगाव’ या शब्दात काना-मात्रा धरून सहा चिन्हे आहेत. लिंकमध्ये त्याच्या ५४ जागा होतात. सभासदाचे व वडिलांचे नाव आणि गाव मिळून चार-पाचशे जागांची टक्क्यांनी भरलेली ओळ तयार झाली. तांत्रिकदृष्ट्या ती चालते. परंतु आमच्या गल्लीतील एका वडीलधाऱ्या मामांना ती दाखवली, तेव्हा त्यांनी फोन हातात न घेताच ‘असल्या लिंका उघडू नका म्हणून बँकेवाल्यांनी सांगितलंय की’ असे म्हटले. त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. ज्या लोकांना आपण एरवी सावध राहायला सांगतो, त्यांच्याकडून आपल्या लिंकपुरता सावधपणा सोडण्याची अपेक्षा करणे योग्य नाही.

म्हणून गावाचे नाव न पाठवता गावाचा छोटा संकेतांक पाठवायचे ठरवले. त्याचा आणखी एक लाभ आहे. गावाचे नाव मराठीत, कन्नडमध्ये व इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिले जाते, आणि सोसायटीच्या दप्तरात तीनही सापडतात. संकेतांक एकच असल्याने पान ज्या भाषेत उघडेल त्या भाषेतले नाव दाखवता येते.

१५ एप्रिल

‘जमीन कोणाची’ या प्रश्नाखाली दोन पर्याय आहेत, ‘स्वतःची’ आणि ‘दुसऱ्याची, भागाने केलेली’. पहिला पर्याय लिंकमधून नीट निवडला जात होता. दुसरा काही जणांच्या बाबतीत निवडला जात होता आणि काहींच्या बाबतीत नाही. लिंकमधील मजकूर आणि फॉर्ममधील पर्याय शेजारी ठेवून पाहिले तर डोळ्यांना काडीचाही फरक दिसत नव्हता.

दीड दिवसाने कारण सापडले. मराठीतला हा आडव्या रेघेचा ‘ऱ्’ संगणकात एकाहून अधिक प्रकारे लिहिला जातो. एक प्रकार असा की युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) ०९३१ या क्रमांकावर असलेला ‘ऱ’ आणि त्यापुढे हलन्त. दुसरा प्रकार म्हणजे साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य, शून्य रुंदीचे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, पण पर्याय जुळवताना संगणक अक्षराचा आकार पाहत नाही, क्रमांक पाहतो. यादी भरणाऱ्या दोघांच्या कळफलकांची पद्धत वेगळी होती, एवढेच घडले होते. युनिकोडमध्ये मजकुराचे प्रमाणीकरण करण्याची सोय आहे, आणि ती ‘र’ अधिक नुक्ता व ‘ऱ’ यांना एक मानते. मात्र अदृश्य जोडचिन्हाच्या प्रकाराला ती एक मानत नाही, तो बदल स्वतः लिहावा लागतो.

मराठी फॉर्म बनवणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे असे मला मनापासून वाटते, कारण ‘शेतकऱ्याचे’, ‘दुसऱ्याचे’, ‘वाऱ्यावर’ हे आपले रोजचे शब्द आहेत. निवडीच्या रकान्यात दिसणारा मजकूर कधीही लिंकमधून पाठवू नये. पर्यायाला १, २ असा संकेत द्यावा आणि तोच पाठवावा. गूगल फॉर्म्समध्ये पर्यायाचा मजकूर हाच त्याचा संकेत असतो, म्हणून येथून पुढे स्वतःचे साधे पान लिहिण्याचा निर्णय घेतला.

१८ एप्रिल

स्वतःचे पान तयार झाले. जांबोटी, कणकुंबीकडच्या गावांतील कमकुवत नेटवर्कचा विचार करून ते अगदी हलके ठेवले आहे, चित्रे नाहीत, बाहेरून येणारा कोणताही कोड नाही.

रकान्यांच्या स्वभावाबद्दल थोडे. तारखेच्या रकान्याला वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने मूल्य द्यावे लागते. ‘०५/०६/२०२५’ असे दिले तर तो काहीही न सांगता रिकामा राहतो. संख्येच्या रकान्याला देवनागरी अंक कळत नाहीत, ‘१२’ असे देवनागरीत पाठवले तरी तो रिकामाच. आमच्या यादीत दोन्ही तऱ्हेचे अंक असल्याने पान आता ते आधी बदलून घेते. आणि अक्षरांची कमाल मर्यादा घातलेली असली तरी ती टंकणाऱ्या माणसाला लागू होते, कोडने घातलेल्या मूल्याला नाही.

एक गंभीर चूकही सापडली. पानाच्या वरच्या बाजूस ‘नमस्कार’ म्हणून लिंकमधले नाव मी थेट एचटीएमएल, म्हणजे पानाचा कोड, म्हणून जोडले होते. नावाच्या जागी कोडचा तुकडा घालून पाहिला, तर तो पानावर चालला. म्हणजे कोणीही आमच्या पत्त्याची लिंक बनवून तिच्यात स्वतःचा कोड घालू शकला असता, आणि सभासदाला पत्ता सोसायटीचाच दिसला असता. आता नाव केवळ मजकूर म्हणूनच लिहिले जाते. चौकटीच्या मूल्यात घातलेला मजकूर कोड म्हणून चालत नाही, धोका होता तो त्या ‘नमस्कार’मध्ये.

२२ एप्रिल

आज एका गावात अकरा सभासदांना लिंका पाठवून समोर बसून पाहिले. दुपारी देवळाच्या कट्ट्यावर बसलो होतो. पहिल्या तिघांचे सुरळीत झाले. चौथ्या, एका मावशींनी, फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, ‘हे नाव माझं न्हवं बगा, हे आमच्या जाऊबाईंचं हाय.’ जाऊबाईंनी आपली लिंक घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली होती, आणि मावशींनी स्वतःच्या लिंकऐवजी ती उघडली होती. नाव, सर्वे नंबर, क्षेत्र, मोबाईल सगळे जाऊबाईंचे.

मावशींनी नाव वाचले म्हणून कळले. त्यांनी न वाचता पोती लिहून फॉर्म पाठवला असता, तर मागणी जाऊबाईंच्या खात्यावर पडली असती. त्याहूनही मनाला लागले ते असे की त्या ग्रुपवर असलेल्या प्रत्येकाला जाऊबाईंची जमीन किती आणि कोणत्या सर्वे नंबरात आहे हे वाचता येत होते. पहाणी उतारा कोणीही काढू शकतो, हे खरे आहे. परंतु उतारा काढायला जाणे वेगळे, आणि सोसायटीने विश्वासाने दिलेली माहिती ओळीत मांडून घराघरांत पाठवणे वेगळे. हे मी केले होते, आणि ३ तारखेला नुसते लिहून ठेवलेले वाक्य आज समोर उभे राहिले.

२४ एप्रिल

दोन दिवस पर्याय तपासले. पहिला पर्याय असा होता की माहिती प्रश्नचिन्हाऐवजी ‘#’ नंतर ठेवावी. तो भाग ब्राउझर सर्व्हरला (पान जिथून येते त्या संगणकाला) पाठवतच नाही, त्यामुळे सर्व्हरच्या नोंदवहीत नाव व मोबाईल साठत नाहीत. हा खरा लाभ आहे, पण लिंक दुसऱ्याला पाठवली की माहिती तिच्याबरोबर जातेच. दुसरा पर्याय पान उघडताच पत्त्याच्या पट्टीतून क्वेरी पुसून टाकण्याचा. सायबर कॅफेमध्ये किंवा दुसऱ्याच्या फोनवर फॉर्म भरणाऱ्यांसाठी तो उपयोगी आहे आणि मी तो ठेवला आहे, पण मूळ दुखण्यावर तो उपाय नाही.

शेवटी असे ठरले : वैयक्तिक लिंकमध्ये माहिती जाणार नाही, केवळ एक यादृच्छिक खूण जाईल. सोळा बाइटांची ही खूण बावीस अक्षरांत लिहिता येते आणि अंदाजाने कोणाला सापडण्यासारखी नसते. पान उघडल्यावर सभासद क्रमांक विचारला जाईल, तो त्या खुणेशी जुळला तरच सर्व्हर रकाने भरून देईल, आणि पाच वेळा चुकल्यास ती लिंक बंद होईल. मोबाईलचे शेवटचे चार अंक विचारावेत असे आधी वाटले होते, पण कित्येक घरांत एकच नंबर सासऱ्यांपासून सुनांपर्यंत सर्वांच्या नावापुढे आहे. ज्या दोन जावांसाठी हा प्रश्न उभा राहिला, त्यांनाच तो वेगळे करू शकला नसता. सभासद क्रमांक पासबुकावर असतो आणि पासबुक ज्याचे त्याच्याजवळ.

लिंकमधून उघडपणे जाणाऱ्या गोष्टी आता दोनच राहिल्या आहेत, गावाचा संकेतांक आणि पानाची भाषा. त्या कोणी बदलल्या तरी कोणाचे नुकसान होत नाही. शिवाय फॉर्म परत आल्यावर सभासद क्रमांक, सर्वे नंबर आणि क्षेत्र पुन्हा यादीवरूनच घेतले जातील, फॉर्ममधून आलेले ग्राह्य धरले जाणार नाहीत. लपवलेला रकाना हा सुरक्षित रकाना नसतो. पानाचा स्रोत उघडून तो कोणालाही बदलता येतो.

लिंक आता एका ओळीत मावते. मामांना दाखवली. त्यांनी ती उघडली नाहीच, पण पाठवणारा नंबर सोसायटीचा आहे का, एवढे विचारले. कार्यालयाच्या फलकावर तो नंबर लावण्यास सेक्रेटरींना सांगितले आहे.

२८ एप्रिल

सेक्रेटरींची सूचना अशी होती की गेल्या वर्षीची जात आणि पोती हेदेखील आधीच भरून द्यावेत, म्हणजे सभासदाला एकच बटण दाबावे लागेल. करून पाहिले. नऊ जणांपैकी पाच जणांनी गेल्या वर्षीचेच तसेच्या तसे पाठवले. मग गप्पांत विचारले, तेव्हा त्यांतल्या दोघांना यंदा इंटाण कमी करून इंद्रायणी वाढवायची होती असे निघाले. भरलेला रकाना माणसाला ‘हे ठरलेले आहे’ असे सांगतो, विशेषतः तो सोसायटीकडून आलेला असेल तेव्हा. नाव-गाव आपण भरून द्यावे, कारण ते बदलत नाही आणि लिहिण्याचा त्रास वाचतो. परंतु रानात काय पेरायचे हा निर्णय दर वर्षी नव्याने घ्यायचा असतो, आणि तो घेणाऱ्याच्या हातूनच लिहिला गेला पाहिजे. ते तीन रकाने रिकामेच राहतील. गेल्या वर्षीची मागणी खाली बारीक अक्षरांत केवळ माहितीसाठी दाखवली आहे, आणि सेक्रेटरींना हे पटले. संमतीच्या चौकटीतील खूणही आधी केलेली असणार नाही. ज्याच्या वतीने आपणच होकार भरला, त्याचा होकार घेतला असे म्हणता येत नाही.

३ मे

लिंक किती जणांनी उघडली हे मोजण्यासाठी ठेवलेली नोंद चुकीची निघाली : पाठवल्याबरोबर सर्व लिंका उघडल्याचे दिसू लागले. मेसेजिंग अॅप लिंकबरोबर पानाचे शीर्षक दाखवण्यासाठी ते पान स्वतः आणून पाहते, माणसाने स्पर्श करण्यापूर्वीच. बरे झाले की खूण एकदाच चालावी असे मी ठरवले नव्हते, नाहीतर प्रत्येक लिंक पोचण्याआधीच संपली असती. आता सभासद क्रमांक जुळल्यावरच नोंद होते.

९ मे

ज्यांच्याकडे व्हॉट्सअॅप नाही त्यांच्यासाठी गावातील दूध डेअरी आणि देवळाच्या फलकावर क्यूआर कोड लावले. त्यात फक्त गावाचा संकेतांक व भाषा आहे, त्यामुळे चौकोन मोठे व मोजके आले आणि झेरॉक्सवरूनही फोनला वाचता येतात. टक्क्यांनी भरलेल्या जुन्या लिंकचा कोड इतका दाट होता की साध्या कागदावर तो चिकटून गेला होता. मराठी आणि कन्नड असे दोन कोड शेजारी शेजारी लावले आहेत.

१६ मे

मागणी घेण्याचे काम आज संपले. सहा गावांची जातवार पोती छापून सेक्रेटरींना दिली. दप्तरासाठीची प्रत कन्नडमध्ये आहे, आणि गावाचे संकेतांक असल्यामुळे ती वेगळी टंकावी लागली नाही.

नावाच्या चौकटीखाली मी ‘नावात दुरुस्ती असल्यास येथे लिहा’ अशी एक रिकामी चौकट ठेवली होती. तिचा इतका वापर होईल असे वाटले नव्हते. वडिलांच्या नावाच्या जागी काकांचे नाव, आडनावातला ‘ळ’ इंग्रजीवरून परत येताना ‘ल’ झालेला, लग्नाला वीस वर्षे झाल्यावरही माहेरचेच राहिलेले नाव. अनेकांनी कित्येक वर्षे हे नाव दप्तरात पाहिलेच नव्हते. कागदी फॉर्मवर ते स्वतः बरोबर लिहीत, आणि दप्तर आपले तसेच राही. भरलेला रकाना समोर आला तेव्हा ते पहिल्यांदा दिसले.

या दुरुस्त्यांचा वेगळा कागद काढला आहे. प्रत्येक दुरुस्ती पासबुक व उताऱ्याशी ताडून सोमवारपासून मूळ यादीत घ्यायची आहे. सर्व खुणा ३० जूनला रद्द होतील. मावशींच्या नावापुढे इंद्रायणीची दोन पोती आहेत, जाऊबाईंच्या नावापुढे एक.